इंग्लिश व्हील नंतर घ्या: गॅरेजात हॉट रॉड बांधायला निघालेल्या अमेरिकेतल्या मराठी मंडळींना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

हॉट रॉड म्हणजे जुनी गाडी कापून-बदलून वेगासाठी नव्याने बांधलेली गाडी. त्यासाठी ज्यांनी दोन गाड्यांच्या गॅरेजातली एक जागा जुन्या फोर्ड मॉडेल ए गाडीच्या गंजक्या सांगाड्याला दिली आहे, किंवा जे द्यायच्या बेतात आहेत, त्यांच्यासाठी हे पत्र आहे. घरच्यांची संमती मिळाली आहे असं धरून चालतो. आम्ही लिहिणारे पेशाने बॉडीवाले नाही. पत्र्याला हाताने आकार द्यायचा ही आमची हौस, आणि त्याबद्दल आमची काही ठाम मतं आहेत.

आमच्याकडे येणारा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: इंग्लिश व्हील (दोन चाकांमध्ये पत्रा दाबून घडवायचं यंत्र) कुठलं घेऊ? विनंती अशी, की हा प्रश्न निदान छताच्या कामापर्यंत पुढे ढकला. दक्षिण कॅलिफोर्नियात सुक्या तळ्यांवर गाड्या पळवणाऱ्या पोरांनी १९३७ साली आपली टायमिंग असोसिएशन काढली, १९४९ मध्ये बॉनव्हिलच्या मिठागरावर पहिला स्पीड वीक, म्हणजे वेगाचे विक्रम करायचा मेळावा, झाला. त्या काळातल्या बहुतेक गाड्या जुन्या फोर्डांची मडगार्डं काढून, छत कापून, हातातल्या हत्यारांवर घरीच बांधलेल्या होत्या. यंत्र हाताशी असलं तर काम लवकर होतं, हे खरंच. पण पत्रा कुठे वाढवायचा आणि कुठे कमी करायचा, हे यंत्राला कळत नाही. ते ज्याला कळत नाही तो व्हीलवर अर्ध्या दिवसात चांगल्या पत्र्याची कढई करून ठेवतो.

सगळा खेळ क्षेत्रफळाचा आहे. एक फूट व्यासाची सपाट चकती घ्या. मध्यावर ठोकत गेलात की तिथला धातू पसरतो. कडेचा घेर मात्र तेवढाच राहतो, म्हणून वाढलेला धातू वर उठतो आणि वाटी होते. आता उलट करा: मध्याला हात न लावता कडेला चुण्या घालून त्या ठोकून बसवा. घेर कमी होतो आणि पुन्हा वाटीच होते, पण या वेळी मधला पत्रा पातळ होत नाही. तिसरा प्रकार, कडा ताणल्या आणि मध्य तसाच ठेवला तर खोगिरासारखा उलटसुलट बाक येतो. गाडीच्या अंगावरचा प्रत्येक आकार या तीन गोष्टींच्या मिश्रणातून येतो. नुसता ताणून अर्धगोल काढायचा म्हटलं तर सपाट चकतीच्या दुप्पट क्षेत्रफळ लागतं, म्हणजे जाडी सरासरीने निम्मी, १.२ मिलिमीटरचा पत्रा ०.६ वर येणार आणि कुठेतरी त्याहूनही पातळ होऊन फाटणार. म्हणून खोल आकारात आटवणं (चुण्या बसवून घेर कमी करणं) आधी आणि ताणणं नंतर. नवशिका नेमकं उलट करतो, कारण ताणायला फक्त हातोडा लागतो आणि आटवायला डोकं.

डोकं चालवायचं साधन म्हणजे कागद. साध्या तपकिरी गुंडाळायच्या कागदाचा तुकडा ज्या भागाची नक्कल करायची त्यावर अंथरा, लोहचुंबकांनी धरा. कागद ताणत नाही आणि आटतही नाही, त्यामुळे तो खरं बोलतो. जिथे त्याला चुण्या पडतात तिथे पत्रा आटवायचा; जिथे तो पोचत नाही आणि काप द्यावा लागतो तिथे ताणायचा. या दोन जागा कागदावरच वेगवेगळ्या रंगांच्या पेनने आखा. त्याच कागदावरून पत्रा कापा, चारी बाजूंनी निदान एक इंच जादा ठेवून.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे चिकटपट्टीचा लवचिक नमुना. आधी कमी चिकट पट्टीचा एक थर द्यायचा, त्यावर धागे असलेल्या पॅकिंग टेपचा दुसरा थर उभा-आडवा, मग सगळं एकसंध सोलून काढायचं आणि चिकट बाजूवर टाल्कम पावडर मारायची. हे कातडं वाकतं, पण ताणलं जात नाही. घडवलेल्या पत्र्यावर ते ठेवलं आणि कुठेही पोकळी किंवा चुणी दिसली नाही, तर क्षेत्रफळ बरोबर आहे. पत्रा तरीही गाडीवर बसत नसेल तर तो फक्त वाकवायचा आहे, ठोकायचा नाही. हे एक पाऊल वगळल्यामुळे किती चांगले तुकडे उगाच ठोकून ठोकून वाया जातात, ते सांगून खरं वाटणार नाही. नमुना क्षेत्रफळ सांगतो, बाक सांगत नाही. बाकासाठी पुठ्ठ्याचे किंवा पातळ ॲल्युमिनियमचे छेद-फर्मे दर चार ते सहा इंचांवर काढून ठेवा, आणि प्रत्येकाची जागा गाडीवर खडूने लिहा.

हत्यारांकडे वळू. लाकडाचा जाड ओंडका, वरच्या तोंडाला सहा-सात इंच रुंद आणि दीड इंच खोल खळगा कोरलेला. चुण्या बसवायला आणि वाटी उतरवायला याच्याइतकं स्वस्त काही नाही. एक अश्रूच्या आकाराचा लाकडी किंवा नायलॉनचा मॅलेट. चामड्याची पिशवी: तिच्यात वाळू किंवा पोलादी छर्रे भरा, शिशाचे छर्रे नकोत, कारण घरातल्या गॅरेजात शिशाची भुकटी कोणाच्याच फायद्याची नाही. मठारायला, म्हणजे ठोकून गुळगुळीत करायला, एक सपाट आणि एक किंचित फुगीर तोंडाची हातोडी, तीन-चार डॉल्या (पत्र्यामागे धरायचे पोलादी ठोकळे), आणि जुन्या पाटा-स्प्रिंगच्या तुकड्यापासून केलेला स्लॅपर. स्लॅपरचा ठोका पसरून पडतो, त्यामुळे उंचवटा खाली बसतो पण पत्रा फारसा ताणला जात नाही. चुण्या पाडायचा चिमटा दोन गोल सळ्यांना दांडा जोडून घरी करता येतो. याच्या जोडीला हाताने चालवायचं श्रिंकर-स्ट्रेचर, म्हणजे जबड्यात कड धरून ती आटवणारं किंवा ताणणारं यंत्र, घ्या. कडा आटवायला ते फार उपयोगी आहे, मात्र त्याचे जबडे एक-दीड इंचापलीकडे पोचत नाहीत आणि दातांचे ओरखडे मागे ठेवतात. त्याच जागी पुन्हा पुन्हा चावलं तर पत्रा कडक होऊन कडेला चिरतो. पाच हलके चावे एका जबरदस्त चाव्यापेक्षा बरे.

हातोडी आणि डॉलीची तोंडं आरशासारखी घासलेली हवीत. तोंडावर एक टवका उडालेला असेल तर प्रत्येक ठोक्याला त्याचा शिक्का पत्र्यावर उमटतो, आणि मग तो घासून काढताना पत्रा पातळ होतो. सुट्टीत पुण्याला जाणं झालं तर कसब्यातल्या तांबट आळीत थोडा वेळ उभे राहा. तांब्याचं भांडं मठारताना कारागीर ठोक्यांमधलं अंतर आणि जोर कसा सारखा ठेवतो, आणि फिरतं ते भांडं, हातोडी नाही, हे बघून जेवढं कळतं तेवढं वर्णन वाचून कळणार नाही. त्यांचे ठोके मुद्दाम दिसायला ठेवलेले असतात. आपले दिसता कामा नयेत, एवढाच फरक.

कानाचा उपयोग करा, अर्थात संरक्षक लावून. बंद गॅरेजात पोलादावर पोलाद आदळतं तेव्हा कान जायला वेळ लागत नाही. डॉली बरोबर ठोक्याखाली असेल तर कडक, टणटणीत आवाज येतो आणि पत्रा ताणला जातो. डॉली ठोक्याच्या शेजारी असेल तर आवाज बोथट येतो, उंच भाग खाली जातो, डॉलीखालचा खड्डा वर येतो आणि ताण जवळजवळ पडत नाही. बहुतेक दुरुस्ती या दुसऱ्या प्रकारानेच करायची असते.

पत्रा कुठला? पोलाद असेल तर थंड लाटलेलं, कमी कार्बनचं, शक्यतो खोल ओढाईसाठी बनवलेल्या प्रतीचं. १८ गेज म्हणजे १.२१ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९१. जुन्या फोर्डला १८ किंवा १९ जुळतं. आताच्या गाड्यांसाठीचा ०.७-०.८ मिलिमीटरचा पत्रा त्याला जोडाल तर वेल्डिंग करताना पातळ बाजू आधी वितळून भोक पडेल. १८ गेजची चार बाय आठ फुटांची अख्खी शीट ६४ पौंड भरते, दोघांनी उचला. जस्त चढवलेला पत्रा टाळा: वेल्डिंगच्या धुराने रात्री थंडीताप भरतो. हूड किंवा नाक ॲल्युमिनियमचं करायचं असेल तर ३००३-एच१४, ०.०६३ इंच जाडीचं घ्या. ६०६१-टी६ ताकदीचं म्हणून घेऊ नका, घडवताना ते तडकतं. ॲल्युमिनियम मऊ करायला ॲसिटिलीनच्या धुरकट ज्योतीने काळी काजळी चढवा, मग नेहमीच्या ज्योतीने ती हळूहळू उडवा. काजळी उडाली की थांबा. लाल होण्याची वाट बघाल तर तुकडा हातातून गळून पडेल, कारण ॲल्युमिनियम वितळण्याआधी रंग बदलत नाही.

आता कापाकापी. मॉडेल ए-ची बॉडी स्वतःच्या जोरावर ताठ राहत नाही. खालच्या सबरेल (बॉडीच्या बुडाच्या लांब पट्ट्या) आणि चासी यांच्यावर ती उभी असते. गाडीची गंजलेली जमीन किंवा सबरेल कापण्याआधी बॉडी चासीवर बोल्टने आवळा, दारं बसवा, मध्ये पॅड आणि शिम (पातळ चकत्या) घालून दारांच्या फटी सारख्या करा, आणि मग एक इंची चौकोनी नळी आतून दाराच्या चौकटीत तिरकी आणि दोन्ही बाजूंना जोडणारी आडवी, अशी टाक्यांनी (वेल्डच्या छोट्या ठिपक्यांनी) जोडून घ्या. हे न करता जमीन कापलीत तर नवी जमीन सुंदर बसेल, दारं मात्र कधीच बसणार नाहीत.

पहिलं काम म्हणून काउलचा, म्हणजे दारापुढच्या बाजूच्या पत्र्याचा, खालचा गंजलेला पट्टा घ्या. आकार सोपा आहे, बाक जवळजवळ एकाच दिशेचा, आणि चुकलं तरी तुकडा छोटा. टोच्याने टोचत वर जा; जिथे टोचा आत जात नाही तिथून आणखी एक इंच वर कापायची रेघ मारा. कापण्याआधी नमुने आणि फर्मे घ्या, आणि ते चांगल्या पत्र्यावर तीन-चार इंच वरपर्यंत घ्या, म्हणजे नवा बाक जुन्यात मिसळतो का ते कळेल. नवा तुकडा चार इंची पाइपावर हाताने दाबत वाकवा. खालची कड दुमडताना लक्षात ठेवा: कड बाहेरच्या बाकावर असेल तर ती आटवावी लागते, आतल्या बाकावर असेल तर ताणावी लागते. सरळ फोल्डरमध्ये कड दुमडून मग तुकडा वाकवायला गेलात तर तो पिळवटतो, आणि दोष तुकड्याला दिला जातो.

तुकडा तयार झाला की तो जुन्या पत्र्यावर ठेवून काठाने टोकदार सळईने रेघ ओढा, जुना पत्रा रेघेच्या जरा अलीकडे कापा आणि कानशीने रेघेपर्यंत या. दोन्ही कडा एकमेकींना भिडल्या पाहिजेत, फट शून्य. एकावर एक चढवून सांधू नका: आतल्या खाचेत पाणी बसतं, गंज परत येतो, आणि उन्हात दोन थर वेगवेगळे तापून रंगाखालून सांध्याची रेघ दिसू लागते. तुकड्याचे कोपरे काटकोनी न ठेवता अर्धा-एक इंच त्रिज्येचे गोल करा, कारण काटकोनी कोपऱ्यात ताण साठतो. निवड करता येत असेल तर सांधा मोठ्या, जवळजवळ सपाट भागाच्या मध्यातून नेऊ नका. घडीच्या किंवा ठळक बाकाच्या जवळून न्या, तिथला पत्रा ताठ असतो.

टाके मध्यापासून सुरू करून दोन्हीकडे, शेवटी एकेक इंचावर. प्रत्येक टाका थंड झाल्यावर मागे डॉली धरून मठारा आणि दोन्ही कडा एकाच पातळीत आणा. वेल्ड चढल्यानंतर ही पातळी सुधारता येत नाही. टिग वेल्डर (टंगस्टनच्या कांडीचा, तार हाताने द्यायचा) असेल तर १८ गेजला ४५ ते ५० अँपिअरच्या आसपास, १/१६ इंची टंगस्टन, ईआर७०एस-२ तार, आणि तार जितकी कमी लागेल तितकं बरं. मिग वेल्डर (तार आपोआप पुढे सरकवणारा) असेल तर ०.०२३ इंची तार वापरा आणि ठिपक्या-ठिपक्याने, जागा बदलत जा. मिगचा वेल्ड चढतो जास्त आणि कडकही असतो. मठारण्याआधी दोन्ही बाजूंनी घासून जवळजवळ पातळीवर आणावा लागतो, आणि घासताना पत्रा निळा होऊ लागला की थांबायचं, कारण ती उष्णताही त्याला वाकवते. पत्रा पुसायला क्लोरिन असलेला ब्रेक क्लीनर कधीही वापरू नका. तो ओला असताना आर्क लावला तर फॉस्जीन वायू तयार होतो, तो जीव घेऊ शकतो. ॲसिटोन चालतं, पण तेही पूर्ण उडून गेल्याशिवाय वेल्डिंगचा टॉर्च हातात घेऊ नये.

वेल्ड झाला की सांध्याच्या दोन्ही बाजूंचा पत्रा खोलगट गेलेला दिसेल. घाबरू नका, ही तुमची चूक नाही. वितळलेला पट्टा थंड होताना आकसतो आणि शेजारच्या पत्र्याला स्वतःकडे ओढतो. म्हणजे पुन्हा क्षेत्रफळच: त्या पट्ट्याला ते कमी पडलं आहे, ते परत द्यायचं. मागे डॉली दाबून धरा, वेल्डवर आणि त्याच्या लगतच्या निळसर पट्ट्यावर एकसारखे ठोके देत जा. थोड्याच वेळात खोलगट भाग आपणहून वर येऊ लागतो. इथे लोक पुट्टीचा डबा उघडतात. पुट्टीला आमचा आंधळा विरोध नाही. एक-दोन मिलिमीटरचा थर कोणत्याही चांगल्या दुकानात चढतो. पण आकसलेला सांधा पुट्टीखाली झाकला की तो ताण तसाच राहतो, आणि गाडी रस्त्यावर हादरत धावू लागली की पुट्टीची कड उमटते.

सगळ्यात छळणारा दोष म्हणजे टकटकणारा पत्रा: बोटाने दाबला की टक्कन आत, सोडला की टक्कन बाहेर. तिथे क्षेत्रफळाचा हिशेब बिघडला आहे, एवढंच त्यातून कळतं; कोणत्या बाजूने बिघडला ते शोधावं लागतं. एकतर मध्यात धातू जास्त झाला आहे, नाहीतर भोवतालचा पट्टा, बहुधा वेल्डचा, आकसून मध्याला जखडतो आहे. बघताक्षणी सगळे मध्यावर तुटून पडतात, आटवायची चकती लावतात, आणि भोवतालचा पट्टा दोषी असेल तर पत्रा आणखी बिघडतो. आधी अंगठ्याने भोवताली दाबत फिरा. जिथे दाबल्यावर टकटक थांबते तिथे दुखणं आहे. वेल्ड असेल तर तो आधी ताणा. सगळा पट्टा मोकळा केल्यावरही टकटक राहिली, तरच मध्य आटवा: ग्राइंडरवरची गुळगुळीत स्टीलची चकती उंच टोकांवर फिरवायची, ती टोकं तापतात, ओल्या फडक्याने लगेच गार करायची. टप्प्याटप्प्याने, दर वेळी सरळ पट्टी लावून बघत.

काउल जमला की फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधली भिंत, घ्या. शेवरलेटचं स्मॉल ब्लॉक इंजिन बसवणार असाल तर त्याचा डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) मागच्या बाजूला असतो, म्हणून मॉडेल ए-च्या फायरवॉलला आत खोबण द्यावीच लागते. खोबण किती, हे पुस्तकात शोधू नका. इंजिन, रेडिएटर आणि पंखा प्रत्यक्ष ठेवून मोजा, डिस्ट्रिब्यूटरची टोपी काढायला हात जातो का ते पाहा. खोबणीचा पत्रा एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुश्याच्या) दोन पाट्यांमध्ये आवळून कडा हातोडीने उतरवता येतो. पाटीच्या कडेला निदान १/८ इंचाची गोलाई द्या, नाहीतर पत्रा घडीत चिरतो. फायरवॉल आणि जमीन ताठ करायला बीड रोलर या यंत्राने त्यांवर नळीसारखे उठाव, म्हणजे बीड, पाडतात. बीड पत्रा आत ओढतो आणि अख्खा तुकडा वेडावाकडा होतो. जिथे बीड येणार तो पट्टा आधीच थोडा ताणून ठेवला, की बीड तो जादा धातू वापरतो आणि तुकडा सपाट राहतो.

आणि आता छत. फोर्डने बंद गाड्यांना पूर्ण पोलादी छत १९३७ मध्ये दिलं. त्याआधी मधला भाग कापडाचा असे. ही पोकळी पत्र्याने भरणं हे हॉट रॉडमधलं दिसायला सगळ्यात सोपं आणि करायला सगळ्यात अवघड काम आहे. खोल वाटीपेक्षा जवळजवळ सपाट, किंचित फुगीर पत्रा कठीण, कारण त्याच्या अंगात ताठपणा नसतो आणि प्रत्येक डाग उजेडात दिसतो. इथे इंग्लिश व्हील कामाला येतं, आणि ते विकत घ्यायचं तर आता. फ्रेम जड हवी. हलकी सी-फ्रेम दाबाखाली उघडते, चाकं समांतर राहत नाहीत आणि पत्र्यावर पट्टे उठतात. खालचं चाक कमी बाकाचं लावा. दाब इतकाच की पत्रा हाताने सहज ढकलता यावा, फेऱ्या एकमेकींवर थोड्या चढवत, मग तिरप्या. व्हील फक्त ताणतं; आटवत नाही. वरच्या चाकावर रबराचा पट्टा चढवला तर ते न ताणता नुसता बाक देतं, छताला बरेचदा तेच हवं असतं. ज्यांना हे नको त्यांनी जुन्या स्टेशन वॅगनच्या छतातून हव्या त्या फुगवट्याचा तुकडा कापून आणावा, त्यात कमीपणा नाही. वेल्डऐवजी खाली पायरी करून पॅनेल ॲडहेसिव्हने चिकटवायलाही आमची ना नाही. या एका जागी उष्णता टाळणं शहाणपणाचं आहे.

छत उतरवायचं, म्हणजे खांब कापून त्याची उंची कमी करायची, असेल तर ते भरण्याआधी उतरवा. मॉडेल ए-च्या कूपेचे (दोन दारांच्या बंद गाडीचे) खांब बरेचसे उभे आहेत, म्हणून तीन इंच उतरवले तरी पुढचे खांब जवळपास जुळतात. मागचा भाग वर निमुळता होतो, तिथे फरक पडतो आणि काप देऊन जुळवावा लागतो. १९३४ च्या कूपेचे पुढचे खांब तिरके आहेत, तिथे छत आडवं कापून लांबवावं लागतं. नवशिक्याने ३४ ला हात लावू नये. कापायची उंची प्रत्येक खांबावर अशी निवडा की सांधा बिजागरीवर किंवा कुलुपाच्या जागी येणार नाही. काच लॅमिनेटेड घ्या, ती सपाट असते आणि कापून मिळते. टेम्पर्ड काच कापता येत नाही.

चासीबद्दल थोडक्यात, पण कडक शब्दांत. पत्रा चुकला तर दिसायला वाईट दिसतो. स्टीअरिंग चुकलं तर माणूस मरतो. चासीच्या रेलला (लांबीच्या तुळईला) आतून ३/१६ इंची पट्टी लावून पेटी करताना दोन्ही बाजूंनी आलटून-पालटून तुकड्यांनी वेल्ड करा, चासी टेबलाला आवळून. सरळ पुढच्या आसाला पाच ते सात अंश कॅस्टर (किंगपिनचा, म्हणजे चाक जिच्याभोवती वळतं त्या खिळीचा, मागे झुकाव) द्या आणि १/८ इंचापर्यंत टो-इन (चाकं पुढून किंचित आत वळलेली). कॅस्टर कमी आणि किंगपिन झिजलेली असेल तर खड्ड्यावरून गेल्यावर पुढची चाकं वेड्यासारखी थरथरू लागतात. आडवी पाटा-स्प्रिंग आणि आडवं स्टीअरिंग एकत्र असतील तर पॅनहार्ड बार (आसाला आडवं सरकू न देणारा दांडा) लावाच, आणि तो ड्रॅग लिंकला (स्टीअरिंग बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला) समांतर व शक्यतो तितक्याच लांबीचा ठेवा. ब्रेकचा मास्टर सिलिंडर दोन स्वतंत्र सर्किटांचा घ्या. तो गाडीच्या जमिनीखाली बसवला तर डिस्कच्या लाइनला २ पीएसआयचा आणि ड्रमच्या लाइनला १० पीएसआयचा रेसिड्युअल व्हॉल्व्ह (लाइनमध्ये थोडा दाब टिकवणारा) लागतो. ४५ अंशांची आणि ३७ अंशांची फ्लेअर फिटिंग एकमेकांत मिसळू नका. घट्ट बसल्यासारखी वाटतात आणि गळतात. स्टीअरिंगच्या भागांवर हौसेने क्रोम चढवून घेऊ नका. त्या प्रक्रियेत हायड्रोजन धातूत शिरतो, आणि प्लेटिंगनंतर भट्टीत नीट भाजून काढला नाही तर कडक पोलाद ठिसूळ होतं. आणि हे सगळे वेल्ड प्रमाणपत्रधारक वेल्डरकडून करून घेतलेत तर गाडी 'स्वतः बांधली' असं म्हणायला आमची हरकत नाही.

कागदपत्रं बॉडी घेतानाच बघा. मॉडेल ए-चा क्रमांक इंजिनावर आणि डाव्या रेलच्या वरच्या बाजूला, बॉडीखाली, ठोकलेला असतो. टायटलवरचा (मालकीच्या कागदावरचा) क्रमांक रेलशी जुळतो का ते पैसे देण्याआधी पाहा. क्रमांक घासणं, पुन्हा ठोकणं, दुसऱ्या रेलवरून कापून लावणं हा गुन्हा आहे, विकणारा काहीही म्हणो. नव्या रेलवर नवी बॉडी असेल तर ती विशेष बांधणीची गाडी म्हणून नोंदवावी लागते आणि प्रत्येक राज्याचे नियम वेगळे. कॅलिफोर्नियात एसबी १०० या कायद्याखाली वर्षाला फक्त पहिल्या ५०० गाड्यांना उत्सर्जन चाचणीत सवलत मिळते, म्हणून तिथले लोक जानेवारीच्या सुरुवातीलाच डीएमव्हीत (वाहन नोंदणी खात्यात) हजर असतात. प्रत्येक भागाची पावती जपून ठेवा, ती सगळीकडे मागतात.

कोणाच्या मनात गाडी पुढे-मागे पुण्याला किंवा नागपूरला न्यायचं असेल तर ते आत्ताच काढून टाका. भारतात १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ उत्पादकाच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि विंटेज गाड्यांसाठी २०२१ मध्ये आलेले नियम पन्नास वर्षांवरच्या, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल न केलेल्या गाड्यांसाठी आहेत. छत कापलेली मॉडेल ए त्यात बसत नाही.

रंगाची घाई करू नका. सगळं एकदा कच्च्या पत्र्यात जोडा: काचा, रबर, दिवे, वायरिंग, एक्झॉस्ट, सीट. रबरासाठी आणि रंगाच्या थरासाठी दाराच्या फटीत जागा सोडली आहे का ते याच वेळी कळतं. मग एपॉक्सी प्रायमरचा थर देऊन गाडी नोंदवा आणि काही शे मैल चालवा. प्रत्येक फेरीनंतर चासीच्या कंसांजवळचे, दाराच्या वरच्या कोपऱ्यांतले आणि फायरवॉलच्या खोबणीचे सांधे टॉर्च लावून तपासा. केसाएवढी चीर दिसली तर दोन्ही टोकांना १/८ इंची भोक पाडा, चीर घासून उघडा, पुन्हा वेल्ड करा, आणि ती तिथेच का आली हे शोधा. बहुधा बॉडीच्या बोल्टाखालचा एखादा शिम कमी पडलेला असतो. हे सगळं संपलं की गाडी पुन्हा पूर्ण सुटी करा आणि मग रंगवाल्याला फोन करा.

आपले,
पत्रा ठोकणारे काही हौशी